तयारीची ही पुस्तिका कुणासाठी? भारतातून स्वयंसेवक परदेशी पाठवणाऱ्या संस्थांना खुलं पत्र

प्रति,
भारतातून आफ्रिकेत दीर्घ मुदतीचे स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांचे निवड व प्रशिक्षण विभाग

सप्रेम नमस्कार,

मी लातूर जिल्ह्यातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकले. तुमच्यापैकीच एका संस्थेमार्फत 2018 साली टांझानियातल्या बाबातीला गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांबरोबर काढणीनंतरच्या कामात काही वर्षं राहिले. काम जमलं, माणसं मिळाली, एक मलेरिया सोडला तर तब्येतही धड राहिली. तेव्हा हे रडगाणं आहे असं समजून बाजूला सारू नका. मला बोलायचंय ते निघण्याआधी तुम्ही हातात ठेवता त्या तयारीच्या पुस्तिकेबद्दल, आणि तिच्यावर बेतलेल्या त्या चार दिवसांच्या वर्गाबद्दल. ती पुस्तिका आमच्यासारख्यांसाठी लिहिलेलीच नाही.

त्यात काय आहे ते आठवून बघा. वीज जाईल, टॉर्च जवळ ठेवा. पाणी उकळून प्या. बादलीत पाणी घेऊन अंघोळ करायची सवय करा. बस खच्चून भरलेली असेल. शेजारी खासगी प्रश्न विचारतील, लग्न झालं का, पगार किती. राग मानू नका. जेवण हातानं जेवतील. कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू होणार नाही. आता 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या मुलीला बादलीभर पाण्यात अंघोळ कशी करायची हे सचित्र समजावून सांगणं म्हणजे थट्टाच. वर्गात आम्ही भारतातले सगळेच एकमेकांकडे बघून हसत होतो. शिकवणाऱ्या बाईही हसल्या, आणि पुढच्या स्लाइडवर गेल्या.

पुढच्या स्लाइडवर ती प्रसिद्ध वळणदार रेघ होती. आधी नव्या देशाचं कौतुक, मग चिडचिड, मग हळूहळू रुळणं, मग आपलंसं वाटणं. ही मांडणी कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाच्या नावावर आहे. 1954 साली रिओ दि जानेरोतल्या एका महिला मंडळापुढे त्यांनी भाषण केलं, तिथून ती जगभर गेली. समोर बसलेल्या बायका नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी परदेशात येऊन पडलेल्या. त्यांच्यासाठी ती मांडणी चपखलच होती. श्रीमंत देशातून निघून गरीब देशात जायचं, गैरसोय सोसायची, मग गैरसोयीतली माणुसकी सापडायची, असा तिचा प्रवास. मला बाबातीत गैरसोय फारशी सापडलीच नाही. बाजार उदगीरच्या आठवडी बाजारासारखा, माती ओळखीची, रस्त्यावर धावणाऱ्या तीनचाकी तर आपल्या वाळूजच्या. तिथं रिक्षाला बजाजीच म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी घरी फोन करून सांगितलं, अगं आई, इथं सगळं आपल्यासारखंच आहे.

अडचण आली ती दुसरीकडून. तुमची पुस्तिका सांगते की लोक तुम्हाला मझुंगू, म्हणजे गोरा परदेशी, म्हणतील, तुमच्याकडे पैसा आहे असं धरून चालतील, ते हसण्यावारी न्या. मला कुणी मझुंगू म्हटलं नाही. मी म्हिंदी, म्हणजे भारतीय, होते. पूर्व आफ्रिकेत भारतीय माणूस कोऱ्या पाटीनं येत नाही, त्याच्या आधी त्याचा इतिहास पोचलेला असतो. तो दुकानदार असतो, घाऊक व्यापारी असतो, मालाला भाव पाडून मागणारा असतो. बाबातीत पहिल्यांदा गोदामात गेले तेव्हा वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या माणसानं मला सरळ भाव विचारला. स्वयंसेवक, सहकारी संस्था, प्रशिक्षण हे सगळं त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, बरं, पण भाव काय देणार?

तो चुकत नव्हता. बाबाती हा म्बाझीचा, म्हणजे आपल्या तुरीचा मुलूख. मक्यात आंतरपीक म्हणून तूर पेरतात, मका आधी निघतो, तूर मागून ऑगस्ट-सप्टेंबरात हाती येते. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं तिथल्या संशोधकांबरोबर काम करून टपोऱ्या पांढऱ्या दाण्याचं वाण आणलं, तेही शेतकऱ्यांनी उचललं. ही तूर घरात फारशी शिजत नाही. ती विकायची, आणि विकायची म्हणजे भारतात. 2015 च्या दिवाळीच्या आसपास आपल्याकडे तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती, आठवत असेल. तेव्हा आफ्रिकेतल्या तुरीला सोन्याचे दिवस आले. लोकांनी पेरा वाढवला. आणि 5 ऑगस्ट 2017 रोजी, बाबातीत काढणी चालू असताना, दिल्लीनं तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. भाव कोसळले. काहींनी तूर शेतातच उभी सोडली.

मी पोचले ती याच्या पुढच्याच हंगामात. सहकारी संस्थेच्या बैठकीत ओलावा किती असावा, पोती कशी रचावीत, भुंग्यासाठी काय करावं, हे सगळं मी तक्त्यांसकट मांडलं. झाल्यावर मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. अगदी शांतपणे म्हणाले, तुझ्या देशाला तूर हवी होती तेव्हा आम्ही पेरली. मग तुम्ही दार लावून घेतलंत. आता तू म्हणतेस, नीट साठवा. कुणासाठी साठवू?

याचं उत्तर कोणत्या पुस्तिकेत आहे? माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तुमच्या वर्गातून आलेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की त्याच 2017 साली आमच्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं होतं, सरकारनं 5050 रुपये हमीभाव जाहीर केला होता आणि बाजारात त्याच्या खाली लिलाव चालले होते. खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरांच्या रांगा होत्या, बारदाना नाही म्हणून मापं बंद, लोक पोत्यांवर झोपत होते. माझा सख्खा काका त्या रांगेत होता. माझं स्वाहिली तेव्हा इतकं तोडकं होतं की सहकाऱ्यानं निम्मं पुरं केलं. आजोबांनी विचारलं, काकाला शेवटी काय भाव मिळाला? मी आकडा सांगितला. बाकांवर कुजबुज झाली, कुणीतरी त्याचं शिलिंगात गणित केलं, आणि मग पहिल्यांदा तिथल्या लोकांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. साठवणुकीचे नाही. तुमच्याकडे शेंगा पोखरणाऱ्या अळीला काय मारता, एकरी किती होते, मुलं शेतीत राहतात का.

भारतातून गेलेल्या स्वयंसेवकाचं भांडवल हेच आहे. आम्ही वरून उतरलेले तज्ज्ञ नाही, त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाचे आहोत. पण हे भांडवल वापरायचं तर ते आपल्याकडे आहे हे आधी ठाऊक पाहिजे. मी तूर पिकवणाऱ्या घरातली निघाले हा योगायोग. माझ्याबरोबर गेलेला पुण्याचा मुलगा संगणकातला होता. त्याला 2017 च्या आयात-मर्यादेचा पत्ताच नव्हता, आणि लोक आपल्याशी असे तुटक का वागतात हे त्याला कितीतरी दिवस कळलं नाही. तो ते आपल्याच स्वभावाच्या खात्यावर मांडत बसला. मुदत संपायच्या आत परत आला. तुमच्या अहवालात त्याच्या नावापुढे 'जुळवून घेण्यातील अडचणी' असं लिहिलं गेलं, असं त्यानंच मला सांगितलं.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे आणि तिच्याबद्दल वर्गात एक अक्षर नव्हतं. जानेवारी 2016 च्या अखेरीस बेंगळुरूमध्ये एका टांझानियन विद्यार्थिनीला जमावानं मारहाण केली. पुढच्या वर्षी ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. आपण विसरलो. बाबातीत एका शिक्षिकेनं चहा ओतता ओतता मला त्याबद्दल विचारलं. तिचा भाचा तेव्हा भारतात शिकायला जायच्या तयारीत होता. पाठवू का, एवढंच तिला हवं होतं. अशा वेळी 'आमचा देश फार मोठा आहे, सगळे तसे नसतात' हे तोंडावर येतं, पण समोरच्याला त्यातून काही मिळत नाही. आपल्याकडे काळ्या रंगाबद्दल घराघरांत काय बोललं जातं, लग्नाच्या जाहिरातीत काय छापलं जातं, हे कबूल करून मग पुढचं बोलावं लागतं. हा सराव निघण्याआधी व्हायला हवा, आणि तो मुंबईतल्या हॉटेलच्या सभागृहात आपसात बसून होणार नाही.

पुण्यात आफ्रिकी देशांतली कितीतरी मुलं शिकतात. त्यांतली टांझानिया-केनियाची मुलं शोधा, मानधन द्या, स्वयंसेवकांना त्यांच्याकडून स्वाहिली शिकू द्या आणि जोडीला इथं घर भाड्यानं मिळवताना त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागतं तेही ऐकू द्या. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं आफ्रिका अभ्यास केंद्र 1971 पासून आहे; तिथल्या कुणाला बोलवायचं तर लोकलचं तिकीट पुरतं.

योगायोग असा की 1971 हेच साल तिकडच्या भारतीयांच्या आठवणीत वेगळ्या कारणानं रुतलेलं आहे. त्या वर्षी टांझानियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे यांच्या सरकारनं भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यांतल्या बहुतेक भारतीय वंशाच्या लोकांच्या होत्या. पुष्कळ कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला गेली. त्याच न्येरेरेंच्या मंत्रिमंडळात अमीर जमाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ अनेक वर्षं अर्थमंत्री होते, हेही खरं. आरुशा शहरातल्या किराणा दुकानात गल्ल्यामागे बसलेल्या आजोबांशी बोलायचं असेल तर या दोन्ही गोष्टी माहीत हव्यात, नाहीतर त्यांचं बोलणं निव्वळ कुरकुर वाटतं.

या दुकानदार मंडळींनी मला जीव लावला. रविवारी जेवायला बोलावत, डबा बांधून देत. गुजराती, शीख, खोजा, सगळ्यांच्या घरी मी जेवले. दार-एस-सलामला महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. एका वर्षी आरतीला गेले तर रडूच आलं. पण इथं एक पेच आहे आणि तो तुम्ही सांगायला हवा. त्या घरांत काम करणाऱ्या माणसांना ज्या सुरात हाक मारली जाते तो सूर मला लहानपणापासून ओळखीचा होता. आणि बाबातीसारख्या ठिकाणी मी रविवारी कुणाच्या गाडीतून उतरले हे सोमवारी कार्यालयात सगळ्यांना माहीत असतं. मी जाणं सोडलं नाही. सोडावं असंही मला वाटत नाही. मात्र एकदा माझ्या सहकारी बाईंना बरोबर घेऊन गेले, जेवणाच्या टेबलावर शेजारी बसवलं. यजमान जरा गडबडले, मग त्यांनी वाढलं. त्यानंतर आमंत्रणं कमी आली, हेही सांगून टाकते.

भाषेवर तुम्ही दिलेत चार दिवसांतले दोन अर्धे दिवस. जपानची स्वयंसेवक योजना 1965 पासून चालू आहे. कोमागाने आणि निहोनमात्सुच्या केंद्रांत निवासी ठेवून ते मुलांकडून दोन महिन्यांहून अधिक काळ तयारी करून घेतात आणि त्यात मोठा वाटा भाषेचा असतो. अमेरिकेची पीस कोअर स्वयंसेवकांना त्या देशातल्याच कुटुंबात ठेवून दहा-बारा आठवडे शिकवते. तुमचा युक्तिवाद मी ऐकलाय: भारतीयांना इंग्रजी येतं, टांझानियात चालतं. दार-एस-सलामच्या कार्यालयात चालत असेल. बाबातीच्या बाजारात नाही, शेतावर नाही, दवाखान्यात आया-नर्सशी नाही. घड्याळसुद्धा वेगळं. दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, आपल्या सकाळच्या सातला तिथं एक वाजतो. बैठक 'चारला' म्हणजे सकाळी दहाला. ज्याला हे माहीत नाही तो दुपारी चारला रिकाम्या खोलीत जाऊन बसतो आणि मग घरी लिहितो की इथं वेळ कुणी पाळत नाही.

मला भाषा शिकवली घरमालकीणबाईंनी. सगळे त्यांना थोरल्या मुलीच्या नावानं 'अमकीची आई' म्हणत, आपल्याकडे गल्लीत म्हणतात तसंच. पहिले काही आठवडे मी त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहिले. तेही संस्थेनं ठरवून नाही. घरभाडं सहा महिन्यांचं आगाऊ भरायचं होतं आणि संस्थेची रक्कम आली नव्हती, म्हणून. पुस्तिकेत एक ओळ आहे: 'सुरुवातीचा खर्च तात्पुरता स्वतःच्या बचतीतून करावा.' लातूरच्या एका प्राथमिक शिक्षकाच्या मुलीची बचत किती असते, हे ती ओळ लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगा. वडिलांनी पतपेढीतून काढून पाठवले.

पण त्या मागच्या खोलीतच मी रुजले. एकदा मला वरण खायची फार तलफ आली. आजूबाजूला तुरीची पोती रचलेली, आणि डाळ मिळायची ती फक्त आरुशाच्या दुकानात, पाकीटबंद, महाग. मी बाईंना म्हटलं, आपणच करू. आजीची रीत आठवली: तूर रात्रभर भिजवायची, दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवायची आणि जात्यावर भरडायची. जातं तिथं कुठलं? मग त्यांचं किनू म्हणजे लाकडी उखळ काढलं आणि उंच मुसळानं दोघी आलटून पालटून हलक्या हातानं कांडत बसलो. जोरात मारलं की चुरा, हलकं मारलं की साल सुटत नाही. उंगो नावाचं गोल सूप असतं, त्यात त्यांनी अशी काही पाखडली की फोल एका झटक्यात अंगणात. निम्मी डाळ निघाली, निम्मी चुरी. कोळशाच्या शेगडीवर शिजायला संध्याकाळ गेली. हिंग मी नेलं होतं, जिरं होतं. फोडणीचा वास गेल्यावर शेजारच्या दोघी कुंपणावरून डोकावल्या. उगालीवर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्यावर, वरण घालून सगळ्यांनी खाल्लं. बाईंचा निकाल: चांगलं आहे, पण यात थोडे सुके मासे हवे होते.

पुढे गटातल्या बायकांनी अशी डाळ करून विकायचा खटाटोप केला. तो फार चालला नाही. गावात गिऱ्हाईक नव्हतं आणि आरुशाच्या दुकानदारांना पॉलिश केलेली पिवळीजर्द डाळ हवी होती. पण कांडता कांडता मी मोजमाप, दर, उधारी, नवरा-बायकोत पीक कोण विकतं, पैसा कुणाच्या हातात राहतो, हे सगळं शिकले. पहिल्या महिन्यातच माझ्याकडून कामाचा आराखडा मागितला गेला होता आणि मी तो दिलाही होता. त्यातलं जवळजवळ काहीच नंतर केलं नाही, कारण ते करण्यासारखं नव्हतं. पहिले तीन महिने आराखडा मागू नका. भाषा आणि घर, एवढंच काम द्या. देणगीदाराला अहवाल हवा असेल तर तसा शब्द करारातच घालून घ्या.

आता मागे राहिलेल्या घराबद्दल थोडं. मुलगी परदेशात म्हटल्यावर नातेवाइकांना डॉलर दिसतात. मला मिळायचा तो निर्वाह भत्ता, त्यात महिना निघायचा. आईला हे चारचौघांत सांगायची लाज वाटायची आणि न सांगावं तर चुलतभाऊ मोबाइल मागायचा. गोऱ्या स्वयंसेवकाला त्याच्या गावात या कामाची प्रतिष्ठा मिळते. आमच्याकडे बायोडेटावर 'स्वयंसेविका' लिहिलं की मुलाकडची मंडळी विचारतात, म्हणजे नोकरी नाही का? परत आल्यावर मुलाखतीतही तेच, मधली वर्षं रिकामी का. भविष्य निर्वाह निधीत खंड पडला तो पडलाच. निघण्याआधी आई-वडिलांना एक दिवस बोलवा, भत्ता म्हणजे काय ते त्यांना तुम्ही सांगा. आमच्या तोंडून ते खरं वाटत नाही. आणि परतल्यावर 'अमुक यांनी निष्ठेनं सेवा केली' असलं प्रमाणपत्र देऊ नका. पद काय, किती माणसांबरोबर काम, काय हिशेब हाताळले, हे कंपनीच्या लेटरहेडवर असतं तसं लिहून द्या.

2021 साली भारतानं तुरीची आयात पुन्हा खुली केली. म्हणजे आता जो मुलगा किंवा मुलगी बाबातीला जाईल तिला वेगळे प्रश्न विचारले जातील, आणि कदाचित तिच्या लातूरच्या काकालाही वेगळा प्रश्न पडलेला असेल. पुस्तिकेत बादलीचं चित्र आहे त्या पानावर हे छापा. दर वर्षी बदलावं लागेल, पण तेवढं तर तुम्ही कराल.

हे पत्र मी तुमच्या तीन संस्थांना ईमेलनंही पाठवलं आहे. 'आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे' असं उत्तर नको. पुढच्या तुकडीचा तयारीवर्ग कुठे आणि कधी आहे ते कळवा. मी स्वतःच्या खर्चानं येईन, आणि ती वळणदार रेघ असलेली स्लाइड तुम्ही वगळणार असाल तर तिच्या जागचा वेळ मला द्या.

कळावे,
आपली,
लातूरची एक माजी स्वयंसेविका